मतदाराची ओळख : कार्ड, यादी आणि मत



या सदरात आपण लागण, खोडवा, ठिबक, माती परीक्षण असे विषय नेहमी वाचता. या वेळचा पाठ वेगळा आहे. त्याला निमित्त आमच्याच शिवारात घडलं.

१९ नोव्हेंबर २०२४ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं. आमच्या फडात दोन दिवसांपूर्वी बीड जिल्ह्यातली टोळी उतरली होती. तोड कुठवर आली ते बघायला आम्ही बांधावर गेलो, तर मोळ्या बांधणारी एक बाई पुढं आली. कमरेच्या पिशवीतून तिनं प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं मतदार कार्ड काढलं आणि विचारलं, "मालक, हे कार्ड हितं चालंल का?" कार्ड खरं होतं, फोटो तिचाच होता, नावही बरोबर होतं. आम्ही म्हणालो, "बाई, चालायचं नाही. तुमचं नाव तुमच्या गावच्या यादीत आहे." ती म्हणाली, "मग दिलंय कशाला?"

आम्हाला तेव्हा धड उत्तर सुचलं नाही. पुढं आम्ही या विषयाचे कायदे आणि जुन्या हकिगती जमतील तेवढ्या वाचल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडत आहोत.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की मतदान केंद्रावर दोन प्रश्न असतात. या नावाचा मतदार इथल्या यादीत आहे काय? आणि समोर उभा आहे तो तोच माणूस काय? कार्ड फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं. यादीत नाव नसेल तर कार्ड कितीही चकचकीत असलं तरी मत देता येत नाही. उलट यादीत नाव आहे आणि कार्ड हरवलं आहे, अशा माणसाला मत देता येतं. त्यानं दुसरा मान्य कागद आणावा लागतो. पुष्कळ सभासद याच्या बरोबर उलटं समजतात. कार्ड जपून कपाटात ठेवतात आणि यादी वर्षानुवर्षं उघडून बघत नाहीत.

ओळखीचा हा घोळ आपल्या लोकशाहीइतकाच जुना आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत फोटो नव्हते, कार्ड नव्हतं. नुसतं नाव सांगायचं होतं. तेवढ्यावरही अडलं. उत्तरेकडच्या राज्यांत यादी करणारा दारात आला की बाया स्वतःचं नाव सांगेनात. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच लिहून घ्या म्हणत. आपल्याकडं नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायची रीत होती. तिकडं तर परक्यासमोर स्वतःचंच नाव घेण्याची चोरी. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की स्वतःच्या नावाशिवाय नोंद नाही. परिणामी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. सेन यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. "अमक्याची बायको" म्हणून मत देण्यापेक्षा आपल्या नावानं देणं केव्हाही बरं, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत बरीच नावं लागलीही. पण त्या वेळी नियम सर्वांना सारखा होता, आणि बाहेर राहिल्या त्या फक्त बायका. या विषयाचा असा कुठलाही नियम वाचताना आम्ही आता आधी हेच बघतो, की तो कुणाला अडवतो.

नंतर १९६२ पासून बोटाला न पुसणारी शाई आली. ती म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते. एकानं दोनदा मत देऊ नये म्हणून ती उपयोगी, पण माणूस कोण हे शाई सांगत नाही. खेड्यात त्याची गरजही फारशी पडत नसे. टेबलाशी बसलेले दोन्ही बाजूंचे पोलिंग एजंट गावातलेच, आलेला माणूस कुणाचा कोण हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. प्रश्न होता तो शहरात, जिथं शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही.

म्हणून १९५८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून फोटोच्या ओळखपत्राची सोय केली आणि १९६० साली कलकत्त्याच्या नैर्ऋत्य मतदारसंघात प्रयोग केला. सुमारे ३ लाख ४२ हजार मतदार होते. खटपट करकरून सुमारे २ लाख १० हजारांनाच कार्डं मिळाली. कितीतरी घरं बंद, माणसं कामावर. आणि अनेक स्त्रियांनी फोटो काढून घ्यायलाच नकार दिला, फोटोग्राफर बाई असली तरी. त्या वेळी कार्डाची सक्ती केली असती तर त्या एकाच मतदारसंघात लाखाच्या वर मतं गेली असती. सरकारनं योजना गुंडाळून ठेवली ते बरंच केलं.

पुढं १९७९ मध्ये सिक्कीममध्ये फोटो कार्ड वापरलं गेलं, आणि ऑगस्ट १९९३ मध्ये टी. एन. शेषन यांनी साऱ्या देशासाठी हुकूम काढला. शेषन यांचा खाक्या आपल्याला आठवत असेल. १ जानेवारी १९९५ नंतर कार्डाशिवाय निवडणूकच घेणार नाही, असं त्यांनी राज्यांना बजावलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि कार्ड झाली नाहीत एवढ्यावरून निवडणुका अडवून धरता आल्या नाहीत. आपल्या राज्यात फेब्रुवारी-मार्च १९९५ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा सर्वांच्या हातात कार्डं नव्हती, तरी लोकांनी मतं दिली.

आज जो नियम आहे तो या साऱ्या अनुभवातून आलेला आहे, आणि आमच्या मते तो समजूतदार आहे. मतदार कार्ड नसेल तर इतर बारा कागदांपैकी एक चालतो. आपल्या उपयोगाचे त्यातले असे : आधार कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटो चिकटवलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, वाहन परवाना, पॅन कार्ड, पासपोर्ट, फोटोसह पेन्शनचा कागद, दिव्यांगांचं कार्ड. रेशन कार्ड त्यात नाही. सात-बारा नाही. आपल्या कारखान्याचं शेअर सर्टिफिकेटही नाही, आणि विकास सोसायटीचं पासबुकही नाही, बँकेचं न्यावं. घरपोच येणारी मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून धरत नाहीत. ती फक्त अनुक्रमांक शोधायला.

नावात वेलांटी-उकाराची किरकोळ चूक असली आणि माणूस तोच आहे हे पटत असलं, तर परत पाठवू नये अशा सूचना आहेत. कुणी एजंटानं "हा तो नव्हे" म्हणून हरकत घेतली तर त्याला आधी दोन रुपये भरावे लागतात आणि केंद्राध्यक्ष तिथल्या तिथं चौकशी करतो. दोन रुपयांत आता चहासुद्धा येत नाही, पण नियमात रक्कम तीच राहिली आहे. आणि आपण जाण्यापूर्वीच आपल्या नावावर कुणी मत टाकून गेला असेल, तर हात हलवत परत येऊ नये. ओळख पटवून प्रदत्त मत मागावं. ते कागदी मतपत्रिकेवर घेऊन वेगळ्या पाकिटात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, कोर्टात निवडणुकीचा वाद गेला तरच ते उघडतं. पण आपण आलो होतो याची सरकारी नोंद राहते.

आता थोडं परदेशाकडं बघू, कारण पुढारलेल्या देशांत हे सगळं सुरळीत असेल असा आपला समज असतो.

अमेरिकेत इंडियाना राज्यानं २००५ मध्ये कायदा केला, की फोटोचं सरकारी ओळखपत्र असल्याशिवाय नेहमीसारखं मत नाही. खटला वरपर्यंत गेला आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कायदा कायम केला. त्या निकालातच नमूद आहे, की दुसऱ्याच्या नावावर केंद्रात येऊन मत दिल्याचा इंडियानातला एकही प्रकार न्यायालयापुढच्या कागदांत नव्हता. निकालानंतर काही दिवसांतच, मे २००८ मध्ये, तिथल्या साउथ बेंड गावी मठातल्या दहा-बारा वृद्ध जोगिणी मत द्यायला आल्या. वयं ऐंशी-नव्वदीची. गाडी चालवणं केव्हाच सुटलेलं, म्हणून परवाने नव्हते. त्यांना परत पाठवणारी केंद्रावरची बाई त्याच मठातली जोगीण होती! रोज एका छताखाली राहणारी. तिला त्या नावानिशी ठाऊक होत्या, पण कागद नव्हता. आम्हाला ही हकिगत फार लागली. आपल्या गावच्या टेबलाशी बसलेला माणूस आठवला, जो चष्म्यावरून बघून म्हणतो, "ह्या आमच्या पाटलांच्या थोरल्या काकी, येऊ द्या."

टेक्सास राज्याच्या २०११ च्या कायद्यात पिस्तूल बाळगण्याचा परवाना ओळख म्हणून चालत होता, आणि विद्यापीठाचं विद्यार्थी कार्ड चालत नव्हतं. चालणारा एकही कागद नाही असे नोंदलेले मतदार सहा लाखांवर असल्याचं न्यायालयात आढळलं. शेवटी २०१६ मध्ये, अडचण लेखी सांगितली तर मत देऊ द्यावं, अशी वाट काढावी लागली. इंग्लंडात २०२३ पर्यंत केंद्रावर काहीच दाखवावं लागत नसे. नाव-पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात. मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत पहिल्यांदा फोटो मागितला, आणि सुमारे चौदा हजार माणसं त्यापायी मत न देता राहिली. तिथं म्हाताऱ्यांचा बसपास चालतो, तरुणांचा रेल्वे सवलतीचा पास चालत नाही. कोणता कागद यादीत घालायचा हे ठरवणारा कुणाला आत घ्यायचं तेही ठरवत असतो, मग त्याच्या मनात असो वा नसो.

आपली बारा कागदांची यादी या मानानं मोठ्या मनाची आहे. आपल्याकडं अडतं ते केंद्राच्या दारात कमी, त्याच्या आधी जास्त. यादीतच नाव नसतं.

बिहारचं उदाहरण ताजं आहे. २०२५ मध्ये तिथं मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं. २००३ च्या यादीत ज्यांचं नाव नव्हतं त्यांच्याकडून ठरावीक अकरा कागदांपैकी एखादा मागितला. त्या अकरांत सुरुवातीला आधार नव्हतं, रेशन कार्ड नव्हतं, निवडणूक आयोगानं स्वतः दिलेलं मतदार कार्डही नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधार हा बारावा कागद ओळखीपुरता धरायला सांगितलं. सुमारे ७ कोटी ८९ लाखांची यादी शेवटी सुमारे ७ कोटी ४२ लाखांवर आली. मेलेले, कायमचे गाव सोडून गेलेले आणि दोनदा नोंदलेले वगळले, असं आयोगाचं म्हणणं. पोटासाठी बाहेर गेलेले गरीबही त्यात गेले, असं टीकाकारांचं. राजकीय वादात आम्ही शिरत नाही. सभासदांनी एवढं ध्यानात घ्यावं, की केंद्रावर दाखवायचे कागद वेगळे आणि यादीत नाव राहावं म्हणून मागितले जातील ते कागद वेगळे असू शकतात.

आपल्या घरात याचा फटका सुनांना बसतो. लग्न झालं की मुलीचं आडनाव बदलतं, कुठं कुठं पहिलं नावही बदलतात. माहेरच्या यादीत एक नाव, आधारवर दुसरं, सासरच्या यादीत काहीच नाही. नवरा म्हणतो करू कधीतरी, सासरा म्हणतो घाई काय. पाच-सात वर्षं जातात. नव्या नावासाठी नमुना ६, आणि दुरुस्ती, पत्ताबदल किंवा हरवलेल्या कार्डासाठी नमुना ८ असतो. सुनेचं नाव माहेरच्या यादीत असेल तर नमुना ८ भरून ते इकडं आणता येतं, नवं नाव लावायची गरज नाही. अठरा वर्षं पुरी झालेल्यांची नोंद आता वर्षातून एकदा नव्हे, तर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखा धरून होते. काही अडलं तर १९५० हा फोन क्रमांक आहे. आम्ही आमच्या घरचीच यादी तपासली तेव्हा चुलतभावाच्या सुनेचं नाव नव्हतं आणि अकरा वर्षांपूर्वी वारलेल्या चुलत्यांचं होतं. दुसऱ्याला शिकवायला निघालो होतो, आणि घरातच हे!

आता त्या फडातल्या बाईकडं परत येऊ.

कायदा तिच्या बाजूनं आहे. मतदाराचं नाव त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणी लागतं, आणि तात्पुरतं बाहेर गेल्यानं ते वास्तव्य मोडत नाही, असं १९५० च्या कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे सहा महिने आपल्या शिवारात कोपी घालून राहिली तरी तिचं नाव गावाकडंच राहणार, आणि ते योग्यच आहे. तिचं घर, रेशन, ग्रामपंचायत सगळं तिकडं. पण मत द्यायला माणूस तिथं हजर पाहिजे. टपाली मताची सोय सैनिकांना आहे, निवडणुकीच्या कामावरच्या नोकरांना आहे, पंच्याऐंशी वर्षांवरच्या वृद्धांना आणि दिव्यांगांना आहे. कोयत्यावर आलेल्या जोडप्याला नाही. परगावी बसून आपल्या मतदारसंघाचं मत देता येईल असं यंत्र आयोगानं तयार केलं, जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना दाखवायला बोलावलंही, पण पक्षांचं एकमत झालं नाही आणि यंत्र वापरात आलं नाही.

मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देण्याचं कलम कायद्यात आहे. आता टनावर काम करणाऱ्या टोळीला भरपगारी सुट्टी म्हणजे किती टनांची द्यायची, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं. आणि एक दिवस सुट्टी देऊन काय होणार? बीडला जायला एक रात्र, यायला एक रात्र, भाड्याचे पैसे, बैलं कुणाच्या स्वाधीन करायची? उमेदवारानं गाडी पाठवावी, तर मतदारांना केंद्रावर नेण्यासाठी उमेदवारानं वाहन देणं हा कायद्यानं भ्रष्टाचार ठरतो, आणि तो ठरवला आहे तेही बरोबरच. ज्याच्या ट्रकमध्ये बसून गेलो त्याच्याविरुद्ध मत देणं जड जातं.

तारखा बघितल्या तर गोष्ट उघड होते. विधानसभेचं मतदान २०१४ ला १५ ऑक्टोबरला आणि २०१९ ला २१ ऑक्टोबरला झालं. दोन्ही वेळा टोळ्या बहुतेक गावीच होत्या. २०२४ ला हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं आणि मतदान २० नोव्हेंबरला आलं. काही टोळ्या मत देऊन निघाल्या, काही आधीच येऊन पडल्या होत्या. मतदानाची तारीख १५ ऑक्टोबरला जाहीर झाली होती. म्हणजे आमच्या हातात एक महिना होता. मुकादमाला "२१ तारखेला या" असं सांगणं आमच्याच हातात होतं. आम्ही सांगितलं नाही. रान लवकर मोकळं झालं तर हरभरा साधेल, हा हिशेब डोक्यात होता. हरभरा साधला. पाच दिवस उशीर झाला असता तरीही बहुधा साधला असता.

तिचं कार्ड तिची ओळख पटवायला होतं. गावच्या केंद्रावर तिला कार्डाशिवायही चार माणसांनी ओळखलं असतं. जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं, तिथं ते कार्ड चालणार नव्हतं.

तेव्हा आमची सभासदांना आणि शेतकी खात्याला विनंती आहे, की ज्या हंगामात निवडणूक येईल त्या हंगामात मुकादमांशी करार करतानाच टोळीच्या गावची मतदानाची तारीख विचारून नोंदवावी आणि तोडणीचा कार्यक्रम त्याप्रमाणं दोन-चार दिवस मागं-पुढं बसवावा. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या तारखाही त्यात धराव्यात. त्यांच्या दृष्टीनं त्याच जास्त महत्त्वाच्या.

जाता जाता आपल्या कारखान्याच्या निवडणुकीविषयी. तिथंही हेच आहे : सभासदाचं ओळखपत्र असून भागत नाही, अंतिम मतदार यादीत नाव लागतं. वडील वारले, शेअर त्यांच्याच नावावर, वारसनोंद झालेली नाही, असे सभासद प्रत्येक गावात निघतील. त्यांना मतदानाच्या दिवशी परत जावं लागतं आणि मग ते संचालकांवर रागावतात. प्रारूप यादी लागल्यावर हरकतीची मुदत थोडी असते, त्या मुदतीत येऊन बघावं. वारसनोंदीला मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला आणि मूळ शेअर सर्टिफिकेट घेऊन कचेरीत यावं; सर्टिफिकेट सापडत नसेल तर तसं आधी सांगावं, म्हणजे दुय्यम प्रतीची व्यवस्था करता येईल. शक्यतो हंगाम संपल्यावर यावं. गळीत चालू असताना कचेरीत गर्दी असते आणि काम रेंगाळतं.